रेश्मावहिनींनी मोजलेले वार

रेश्मावहिनी पहिल्यांदा चिडलेल्या पाहिल्या त्या एका उंदरावरून.

आमच्या ऑफिसात मुलाखती चालू होत्या. सांगलीत विश्रामबागच्या रस्त्याला एका कापड दुकानाच्या वर दोन खोल्या घेऊन जयराजनं मोबाइल गेमची कंपनी काढली होती. आम्ही नऊ जण होतो. त्यातला मी डिझायनर, सम्मेद मगदूम. कुणाच्या तलवारीत किती जोर, कुठला शत्रू कितव्या वाराला पडतो, पुढची पायरी कधी मिळते, हे सगळे नियम ठरवायचं काम माझं. आमचा गेम होता ‘सात दरवाजे’. खेळणाऱ्यानं चार साथीदार गोळा करायचे आणि किल्ल्याचा एकेक दरवाजा सर करत जायचं. लढता लढता साथीदार तयार होत जातात, ज्याला रोल-प्लेइंग म्हणतात तसला प्रकार. तो तपासायला माणूस हवा होता, म्हणून पेपरात छोटी जाहिरात दिलेली.

कॉलेजची वीसेक पोरं आली. आणि इस्लामपूरहून एसटीनं एक बाई आल्या. त्रेचाळीस वर्षांच्या, पदराला पिन, हातात कापडी पिशवी. त्यांना अर्धा तास गेम खेळायला दिला. पाच मिनिटांत त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

“ह्या पोरीनं तळघरात चार उंदीर मारले.”

“हो.”

“आन लगेच तिला कुलूप उघडायला यायला लागलं. उंदीर मारून कुलूप कसं उघडायला येतंय वो?”

मी समजावलं की शत्रू मारले की अनुभवाचे गुण मिळतात, आणि ते गुण आपल्याला हव्या त्या कलेत घालता येतात. असं पुष्कळ गेममध्ये असतं.

“मला म्हाईत हाय असतंय ते. पन चांगल्या गेमात निदान गावातल्या कुणाकडं तरी शिकायला जावं लागतं. दुसऱ्या जातीचे गेम हायती, तिथं कुलूप उघडूनच कुलूप उघडायला येतं. त्यातबी खोट हायच. उडी मारायला शिकायचं म्हणून मानसं दिवसभर जाग्यावर उड्या मारत बसत्यात. पन तुमी काय विचारच केला न्हाई. दुसऱ्याचं बघून उचललं आन चिकटवलं. वंगाळ दिसतंय.”

पोरांपैकी एकानंही असलं काही सांगितलं नव्हतं. वहिनींना त्याच दिवशी कामावर घेतलं.

त्यांचं हे वेड कुठून आलं ते पुढं हळूहळू कळलं. नवरा मानसिंग फौजेत, सिग्नल्समध्ये. लग्नानंतर सहाव्या वर्षी राजस्थानातल्या एका छावणीत फॅमिली क्वार्टर मिळालं. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबानं जुना कॉम्प्युटर आणि सीडींचा एक खोका मानसिंगला दिला. मानसिंग महिना-महिना सीमेवर. मुलगी शाळेत गेली की दुपारची सगळी क्वार्टरं झोपलेली, बाहेर उन्हाचा नुसता जाळ. वहिनींनी एक सीडी घातली. इंग्रजी बारावीपुरतं. शेजारी डिक्शनरी उघडी ठेवून त्यांनी पहिला गेम सात महिन्यांत संपवला. वरून दिसणारा नकाशा, सहा साथीदार आणि पाळीपाळीनं लढाई. तुमची चाल झाली की शत्रूची. तळघरांचे नकाशे त्यांनी मुलीच्या गणिताच्या चौकटींच्या वहीत पेन्सिलीनं काढले होते.

पुढच्या वीस वर्षांत त्यांनी सगळे प्रकार खेळले, आणि प्रत्येकाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. ऑफिसात जेवायच्या सुट्टीत आम्ही मुद्दाम विषय काढायचो.

पाळीपाळीनं लढायचे गेम त्यांचे सगळ्यात लाडके. “तिथं तू थांबलास तर शत्रूबी थांबतो. औषधाची एकच बाटली उरलीया, कुणाला द्यायची, ह्याचा तू तासभर इचार कर. गेम तुला डोकं हाय असं धरून चालतो.”

धडाधड माऊस दाबून राक्षसांचे थवे कापत जायचं, त्या प्रकाराला त्या ‘ऊसतोड’ म्हणायच्या. “फड संपला की दुसरा फड. पन लबाडी न्हाई त्यात. हात चालला तर जिंकशील, न्हाईतर मरशील.”

जपानी वळणाचे, गोष्ट आधीच ठरलेली असणारे गेम त्यांना गाडीत बसल्यासारखे वाटायचे. “वाईची गाडी धरली की वाईलाच उतरायचं. मधी ‘मला फलटणला जायचंय’ म्हनून चालत न्हाई. पन खिडकीतनं दिसतं ते त्यांनी लय जीव लावून रंगवलेलं असतं.”

आणि अफाट मैदानाचे, कुठंही हिंडा, हजार कामं करा, अशा गेमचा त्यांना कंटाळा. “नकाशावर नुसत्या खुणाच खुणा. हिचं हरवलेलं भांडं शोधून आन, त्याची चिठ्ठी पोचव. राज्य बुडाय लागलंय आन आपन भांडी शोधतोय.”

मी पुण्यात दोन वर्षं पैसे भरून गेम डिझाइन शिकलो होतो. तिथं कुणी मला इतक्या सोप्या शब्दांत हे सांगितलं नव्हतं.

सहा महिने बरे गेले. वहिनींनी उंदरांचं प्रकरण सुधारून घेतलं, पहिले तीन दरवाजे त्यांच्यामुळं खरोखर चांगले झाले. मग जयराज पुण्याला एका पैसेवाल्या पार्टीला भेटून आला आणि ठरलं की गेम फुकट द्यायचा, कमाई आतून करायची.

आधी ‘दम’ आला. पाच लढाया झाल्या की साथीदार दमतात, चार तास थांबा किंवा पैसे भरा. मग पेट्या आल्या. पेटीत कुठला साथीदार निघेल ते नशिबावर. चांगला निघाला तर सोनेरी उजेड आणि ढोल. मग रोजची हजेरी आली. एक दिवस चुकला की जमवलेलं बक्षीस पहिल्यापासून.

वहिनींच्या चेहऱ्यावर तेव्हापासून एक भाव बसला. जेवताना वरणात झुरळ दिसावं तसा.

“जुन्या गेमात बी विश्रांती घ्यावी लागायची,” त्या मला म्हणाल्या. “पन रानात झोपलं तर रातीत लांडगं यायचं. सराईत झोपलं तर एक दिवस जायचा आन तिकडं शत्रू फुडं सरकायचा. विश्रांतीला किंमत होती, म्हनून झोपू का नको ह्याचा इचार व्हता. हितं काय हाय? नुसतं दार बंद करून मानसाला भाईर उभं करायचं.”

मी म्हणालो, “वहिनी, सगळेच करतात आता.”

“सगळेच करत्यात म्हनून घाण जिरत न्हाई, सम्मेद.”

पण खरी घाण त्यांना अजून दिसली नव्हती. ती मी केली होती.

चौथ्या दरवाज्यावर, वार करण्याआधी, गेम आकडा दाखवायचा: वार लागण्याची शक्यता सत्तर टक्के. जयराजच्या सांगण्यावरून मी आत एक नियम लिहिला. ज्यानं कधी पैसे भरले नाहीत त्याच्यासाठी पडद्यावर सत्तरच राहील, पण आतला फासा पन्नासवर. पैसे भरले की एक दिवस तो पंचाऐंशीवर. भरणाऱ्याला वाटावं, तलवारच चांगली मिळाली. हे सगळं बारा ओळींत झालं. लिहून झाल्यावर मी खाली जाऊन भडंग खाल्लं, आणि मला काही वाटलं नाही. आज या गोष्टीची शिसारी येते ती त्या भडंगामुळं जास्त येते.

तीन आठवड्यांनी वहिनी माझ्या टेबलाशी आल्या आणि आपली वही उघडून ठेवली. पानंच्या पानं उभ्या रेघा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. डाव्या बाजूला लागलेले वार, उजव्या बाजूला हुकलेले.

“हजार वार हायती. पाचशे बारा लागले. लिवलंय सत्तर.”

“कधीकधी नशीब…”

“पयल्या शंभराला मीबी तेच म्हनलं. हजाराला नशीब न्हाई म्हनत.”

मी माझ्याकडचं एकमेव हत्यार काढलं. म्हणालो, मोठमोठ्या गेममध्येही फासा खरा नसतो. लागोपाठ दोनदा हुकलं तर तिसऱ्यांदा आतून गुपचूप मदत करतात, कारण माणसाला नव्वद टक्के म्हणजे नक्कीच असं वाटतं.

“करत्यात. मी तीबी मोजलीया,” त्या म्हणाल्या. “ते चालाय शिकनाऱ्या पोराचं बोट धरनं झालं. तुमी पाय घालून पाडताय, आन वर मलमपट्टीचं दुकान मांडून बसलाय.”

त्या वही घेऊन जयराजकडं गेल्या. काचेच्या अर्धवट उघड्या दारातून मला दिसत होतं, ऐकू येत होतं. जयराजनं वही चाळली, कौतुकानं मान हलवली, आणि त्याच्या डोक्यात वेगळंच काही शिरलं. त्यानं वहिनींना चहा मागवला. म्हणाला, आपण तपासून बघू. आणि ताई, तुमच्यासारखं गेमबद्दल बोलणारं माणूस मी पाहिलं नाही, आपण तुमची एक मुलाखत रेकॉर्ड करू या.

पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन आम्ही इस्लामपूरला त्यांच्या घरी गेलो. वहिनी अंगणात खुर्चीवर बसल्या, मागं कर्दळीची झाडं. त्या चाळीस मिनिटं बोलल्या. जुन्या गेमबद्दल, चौकटींच्या वहीतल्या नकाशांबद्दल, साथीदार मेल्यावर जेवण न गेलेल्या दिवसाबद्दल. वीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. दारात जाऊबाई मनुबाई तोंडाला पदर लावून हसत उभ्या होत्या. शेवटी ‘सात दरवाजे’चा विषय निघाल्यावर वहिनी स्वच्छ बोलल्या, “ते जुने गेम लय भारी. एकदा बसलं की उठवत नव्हतं. ह्यो तसला न्हाई. पयले तीन दरवाजे खेळा, चौथ्यापासनं ह्यात फसवनूक हाय.”

मला वाटलं, हे जयराज कापून टाकणार आणि मुलाखत बाजूला पडणार. आठ दिवसांनी जाहिरात आली. बावीस सेकंद. कर्दळीसमोर हसऱ्या रेश्मावहिनी: “लय भारी. एकदा बसलं की उठवत नव्हतं. पयले तीन दरवाजे खेळा…” आणि लगेच ढोल, सोनेरी पेटी, खाली अक्षरं: ‘इस्लामपूरच्या काकूही झाल्या फॅन!’

ती जाहिरात जिकडंतिकडं गेली. मिरजेच्या माझ्या मावशीनंही मला पाठवली. वहिनींनी पाहिली त्या दिवसापासून त्या ऑफिसला आल्या नाहीत. फोन केला तर उचलला नाही. जयराज म्हणाला, “लाजल्या असतील. येतील.”

त्या आठवड्यात तिकडं काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. त्या कुणालातरी डबा द्यायला मळ्यात गेल्या होत्या. उसातलं तण काढायची भांगलण चालू होती, बायका ओळीनं वाकलेल्या. मनुबाई एकट्या बांधावर उन्हात बसून फोनवर बोट आपटत होत्या. खुरपं बाजूला.

“काय करतीस गं?”

“दम भरलाय. आत्ता न्हाई लढलं तर वाया जातोय,” मनुबाई मान वर न करता म्हणाल्या. “चौथ्या दरवाज्याला अडकलीया चार दिस. सत्तर टक्के दाखवतंय आन लागतच न्हाई. माझाच हात जड, दुसरं काय!”

“तुला कुणी सांगितलं ह्यो गेम घ्यायला?”

मनुबाईंनी आश्चर्यानं वर पाहिलं. “आवं, तुमीच की! आपल्या गल्लीतल्या समद्यांनी घेतलाय. समदी म्हनत्यात, आपली रेश्मा सांगती म्हनल्यावर चांगलंच असनार.”

वहिनी तिथंच बांधावरून खाली उतरल्या आणि पाटाच्या कडेला बसून ओकल्या. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात रडं नव्हतं, किळस होती. स्वतःच्या हसऱ्या तोंडाची.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या घरोघर निघाल्या. आधी आपली गल्ली, मग वरची आळी, मग माहेरचं गाव. वही बरोबर. प्रत्येक घरी तेच. “माझं तोंड बघून घेतलाय ना? मग आता माझं तोंड बघूनच काढा. मी असं बोललेच न्हाई. हे बघा, हजार वार मोजल्यात.” काही बायांनी लगेच काढला. काहींना वाटलं, कंपनीशी बिनसलं असणार. एक जण म्हणाली, “काढते की, पन आज हजेरीचा विसावा दिस हाय, उद्या सोनेरी पेटी मिळनार. परवा काढते.” वहिनींनी तिच्या हातातला फोन घेतला नाही. परवा पुन्हा गेल्या. काढेपर्यंत उंबऱ्यात बसून राहिल्या. मनुबाईंनी मात्र आठ दिवस अबोला धरला. ‘माझाच हात जड’ म्हणून त्या बिचाऱ्या चार दिवस स्वतःला बोल लावत होत्या, आणि आता कळत होतं की त्यांच्या हाताशी संबंधच नव्हता. एवढं मूर्ख बनवल्याचा राग जवळच्या माणसावरच निघतो.

पंधरवड्यानं वहिनी ऑफिसात आल्या. आत आल्या नाहीत. बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांसाठीच्या बाकावर बसल्या. जयराज बाहेर आला.

“ताई, काय प्रॉब्लेम आहे? तुम्हीच बोललाय ते. आम्ही एक शब्द घातलेला नाही.”

“घातला न्हाई, काढलाय. त्यो व्हिडिओ उतरवा. तवर मी हितं बसनार.”

“पोलिसांना बोलवावं लागेल.”

“बोलवा. त्यास्नीबी वही दावते.”

जयराजनं कुणालाच बोलावलं नाही, आणि वहिनी बसून राहिल्या. ऑफिस उघडायला त्या हजर, बंद झालं की शेवटच्या गाडीनं घरी. जो कुणी येईल, कुरियरवाला, पाण्याचे जार आणणारा, काम मागायला आलेली पोरं, त्याला त्या शांतपणे वही उघडून दाखवायच्या. आवाज चढवला नाही. डॉक्टरनं रिपोर्ट वाचावा तसं वाचायच्या.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी माझा डबा घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. आईनं शेंगदाण्याची पोळी दिलेली. मी एक त्यांच्यापुढं केली आणि म्हणालो, “वहिनी, तो नियम मी लिहिलाय.”

“म्हाईत हाय.”

“कुणी सांगितलं?”

“सांगाय कशाला पायजे? पयल्या तीन दरवाज्यांत तू प्रत्येक अवघड लढाईच्या आधी एक वाट ठेवतोस, मागं फिरायची. लय गुणी सवय हाय तुझी. चौथ्यालाबी ती वाट हाय. तुझ्याच हातचा दरवाजा हाय तो.” त्यांनी पोळीकडं पाहिलं आणि आपली पिशवी माझ्यापासून वीतभर लांब सरकवली. “मी तीन आठवडे वार मोजत व्हते तवा तू रोज माझ्यासमोर बसून जेवलास. एक दिस तरी सांगशील म्हनून मी हजारापतोर गेले. न्हाईतर तीनशेलाच कळलं व्हतं.”

मी म्हणालो, आज संध्याकाळी तो नियम काढून टाकतो.

“मला कशाला सांगतोस? काढ की.”

मी तो काढला नाही. संध्याकाळी फाईल उघडली. बारा ओळी समोर होत्या. मनात आलं, जयराजला लगेच कळेल, महिन्याभरात दुसरी नोकरी सांगलीत मिळणार नाही, पुण्याला जावं लागेल, वडिलांचं हळदीचं दुकान सांभाळायला कुणी नाही. अशी पुष्कळ कारणं आली. सगळी खरी होती. मी फाईल बंद केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुण्याची पैसेवाली पार्टी आली. दोन माणसं, जयराज जिन्यापर्यंत घ्यायला गेलेला. वर आल्यावर त्यांनी बाकावर बसलेल्या बाईंना ओळखलं. “अरे, ह्या तर जाहिरातीतल्या काकू!” एक जण कौतुकानं पुढं झाला. वहिनी उठल्या, वही उघडली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. जयराज मध्ये पडायचा प्रयत्न करत होता. त्या माणसानं हात वर करून त्याला थांबवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग मलाही आत घेऊन, दार बंद करून तासभर बैठक झाली.

त्या संध्याकाळी जाहिरात उतरवली गेली. ‘ही बाई कुणा पत्रकाराला सापडली तर काय’ अशी भीती त्या माणसाला वाटली होती; हे मी माझ्या कानांनी ऐकलं. फाशाबद्दल बैठकीत एवढंच ठरलं की पन्नासऐवजी पंचावन्न करावं, म्हणजे मोजणाऱ्याला सहज कळणार नाही. ते पंचावन्नही मीच केलं.

जाहिरात गेल्याचं सांगायला मी बाहेर आलो. वहिनींनी आपल्या फोनवर तीन-चार ठिकाणी शोधून खात्री केली, वही पिशवीत घातली आणि जिना उतरल्या. मी फाशाचं काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं पाहून त्यांना कळलंच असणार.

‘सात दरवाजे’ पुढं चौदा महिने चालला. मग लोक कंटाळले, आणि जयराजनं तसाच दुसरा गेम काढला, त्यात भूतं आहेत. मी मात्र जाहिरात उतरल्यावर सहा महिन्यांनीच तिथून निघालो, कुणी काढलं नाही, मी भांडलोही नाही. नुसता तो ढोल ऐकला की जेवण जाईना झालं. आता शाळांची वेळापत्रकं जुळवायचं सॉफ्टवेअर लिहितो. गेम खेळत नाही.

गेल्या मे महिन्यात इस्लामपूरच्या स्टँडवर वहिनी दिसल्या. सोबत उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, हातात लोखंडी ट्रंक. मानसिंग रिटायर होऊन आले होते. मी पुढं होऊन नमस्कार केला. वहिनींनी तोंड फिरवलं नाही, तशा त्या सभ्य आहेत. नवऱ्याला ओळख करून दिली.

“ह्यो सम्मेद. मी सांगलीला जात व्हते तिथला. डोकं लय चांगलं हाय पोराचं.”

मानसिंग हसले. मला विचारलं, “मग आजकाल काय बनवताय?”

मी तोंड उघडायच्या आधी वहिनी म्हणाल्या, “काय बी बनवू दे. तुमी घेऊ नका.” आणि त्यांनी ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी मानसिंगनी, आणि ते दोघं रिक्षाकडं चालू लागले.